महालक्ष्म्यांपुढे फिरती दिंडी: घरच्या घरी हलती आरास कशी उभी करायची

मराठवाड्यात महालक्ष्म्या बसल्या की हळदी-कुंकवाला येणाऱ्या बायका आधी मुखवटे बघतात, मग साड्या, मग फुलोरा, आणि मग नजर जाते खालच्या आराशीकडे. ती हलती असेल तर लेकरं तिथून उठायला तयार होत नाहीत. बाजारात तयार हलते देखावे मिळतात, पण ते सगळ्यांकडे सारखेच असतात. आपल्या भागात तर फिरत्या देखाव्यासाठी विषय शोधायलाही लांब जावं लागत नाही. गंगाखेडची जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, नरसीचे नामदेव, पैठणचे नाथमहाराज ही सगळी इथलीच माणसं. त्यातल्या दोघांची ओळखच फिरणाऱ्या वस्तूशी बांधलेली आहे: जनाबाईचं जातं आणि गोरोबांचं चाक.

म्हणून या लेखात तीन फिरत्या गोष्टी सांगते. मध्ये विठ्ठलाचं देऊळ स्थिर आणि त्याभोवती फिरणारी दिंडी, एका बाजूला दळणारी जनाबाई, दुसऱ्या बाजूला गोरोबांचं चाक. आमच्या घरी अशी आरास मांडतो, आणि दरवर्षी कोणीतरी वही घेऊन बसतं, "आम्हालाही सांगा" म्हणतं. तुम्ही सोल्डरिंग आयर्न, म्हणजे वायरींना डाग द्यायचं गरम हत्यार, कधी हातात धरलं नसेल तरी चालेल. घाई मात्र करू नका. श्रावण लागला की काम काढा आणि पोळ्याच्या दिवशी तबकडी फिरायला हवी असं ठरवा. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गणपती येतात, आणि एकदा फराळाची कढई चढली की घरात मोटरीला जागा उरत नाही.

१. आधी जागा मोजा, दिशा ठरवा

महालक्ष्म्यांपुढे नैवेद्याची ताटं, समया, ओटीचं साहित्य आणि नमस्काराला वाकणारी माणसं या सगळ्यांना जागा लागते. ती सोडून उरलेल्या जागेत आरास बसली पाहिजे. ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट व्यासाची तबकडी बहुतेक घरांत बसते. याहून मोठी करू नका. दारातून आत-बाहेर नेताना आणि वर्षभर ठेवताना त्रास होतो.

दिंडी कोणत्या दिशेने चालणार हेही आत्ताच ठरवा. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो, म्हणजे वरून पाहिलं तर दिंडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालली पाहिजे. मोटरीच्या दोन वायरींची अदलाबदल केली की फिरण्याची दिशा उलटते, तेवढं सोपं आहे. पण बाहुल्या चिकटवून झाल्यावर त्यांची तोंडं फिरवता येत नाहीत. वारकरी पाठमोरे चालताना दिसले तर सगळी मेहनत वाया जाते.

२. काय काय लागेल

तबकडीसाठी:
- १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड, एक गोल तबकडी आणि एक चौकोनी पाया
- फिरत्या डायनिंग टेबलाखाली बसतं तसलं ॲल्युमिनियमचं गोल बेअरिंग, १२ इंची. दुकानात 'लेझी सुझन' म्हणून मागा
- ८ सेंटिमीटर उंचीचे चार लाकडी ठोकळे
- शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, हातभर
- एक बिजागरी, एक मध्यम ताकदीची स्प्रिंग, सायकलची जुनी ट्यूब, सायकलच्या जुन्या तारा

मोटर आणि विजेसाठी:
- १२ व्होल्टच्या गिअर मोटरी: ३० आरपीएमच्या (मिनिटाला ३० फेरे मारणाऱ्या) दोन, १०० आरपीएमची एक
- ६ मिलिमीटरच्या दांड्यावर बसणारं ७ सेंटिमीटर व्यासाचं रबरी चाक
- डीसी मोटरचा वेग कमी-जास्त करणारी छोटी पाटी, तीन नग. दुकानात 'पीडब्ल्यूएम कंट्रोलर' म्हणा
- १२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर
- फ्यूज आणि फ्यूज होल्डर, स्विच, वायर, स्क्रूचे कनेक्टर
- १२ व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरभर

हत्यारं: ड्रिल, करवत, पाने, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न आणि एक मल्टिमीटर. मल्टिमीटर म्हणजे व्होल्ट आणि वायरींची जोडणी तपासायचं यंत्र. तो साधा असला तरी चालेल, पण घ्याच. त्याच्याशिवाय काम म्हणजे अंधारात चाचपडणं.

प्लायवूडची गोल तबकडी सुताराकडून कापून घ्या, मधलं १० सेंटिमीटरचं छिद्रही त्याच वेळी. सुटे इलेक्ट्रॉनिक्स तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाहीत. संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शहरांत विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मागवणार असाल तर मोटर एक जास्त घ्या. सणाच्या आदल्या दिवशी पार्सल येत नसतं.

३. मोटर निवडताना व्होल्ट नंतर, फेरे आधी

नवखी माणसं दुकानात जाऊन "ताकदीची मोटर द्या" म्हणतात आणि खेळण्यातली, मिनिटाला हजारो फेरे मारणारी मोटर घेऊन येतात. तिचा वेग कमी करायला व्होल्टेज उतरवलं की ती गुरगुरते आणि जागेवर थांबते, कारण व्होल्टेज कमी झालं की वेगाबरोबर जोरही जातो. वेग गिअरने कमी केला की जोर उलट वाढतो. फिरत्या देखाव्याचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे. म्हणून मोटर गिअरवालीच हवी, आणि मागताना तिचं आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, हे सांगून मागायची.

दिंडीचा वेग किती असावा? माझ्या मते तबकडीचा एक फेरा साधारण २० सेकंदांत व्हावा, म्हणजे मिनिटाला तीन. दोन फुटी तबकडीच्या कडेला उभा असलेला वारकरी मग सेकंदाला नऊ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. डोळ्यांना तो चालतोय असं वाटतं. मिनिटाला १० फेरे ठेवले तर तीच बाहुली सेकंदाला ३१ सेंटिमीटर धावते, आणि दिंडीची जत्रेतली चक्री होते.

आता ३० आरपीएमची मोटर घेऊन मिनिटाला तीन फेरे कसे मिळणार? मोटर मध्यभागी लावायचीच नाही. तिच्या दांड्यावर ७ सेंटिमीटरचं रबरी चाक बसवायचं आणि ते तबकडीच्या खालच्या बाजूला, केंद्रापासून साडेचोवीस सेंटिमीटरवर टेकवायचं. चाक जिथे टेकतं त्या वर्तुळाचा व्यास ४९ सेंटिमीटर होतो, चाकाच्या सातपट. म्हणजे चाकाचे सात फेरे झाले की तबकडीचा एक. ३० ला ७ ने भागा: चारहून थोडे जास्त. उरलेला वेग कंट्रोलरच्या नॉबने उतरवायचा. वेग थोडाच उतरवायचा असल्यामुळे जोर टिकतो.

एक सावधगिरी. शाळेच्या प्रोजेक्टमधली पिवळ्या प्लास्टिकची मोटर स्वस्त मिळते, तिला 'बीओ मोटर' म्हणतात. ती ३ ते ६ व्होल्टची असते आणि गिअर प्लास्टिकचे. १२ व्होल्टवर ती तापते, आवाज करते आणि दिवसभर चालवायला उपयोगाची नाही. तिन्ही मोटरी १२ व्होल्टच्या आणि धातूच्या गिअरच्याच घ्या. म्हणजे सगळ्या आराशीला एकच अडॅप्टर पुरतो.

४. वजन बेअरिंगवर, मोटरीवर नाही

मोटरीच्या दांड्यावर थेट तबकडी ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. तबकडी, मातीच्या बाहुल्या, झालर सगळं मिळून चार-पाच किलो सहज होतं. तो भार आणि त्याचा तोल गिअरच्या बारीक दांड्यावर आला की आतले दाते झिजतात, तबकडी डुलायला लागते. मोटरीचं काम फक्त फिरवणं. वजन पेलायचं काम बेअरिंगचं.

लेझी सुझनला दोन कड्या असतात, एक आतली, एक बाहेरची. आतली कडी चार ठोकळ्यांवर बसवा आणि ठोकळे पायाला. बाहेरची कडी तबकडीला. या बेअरिंगचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्याचा मधला भाग पोकळ असतो. त्या पोकळीतून पीव्हीसी पाइप उभा करा, त्याचं खालचं टोक पायाला घट्ट बसवा आणि वरच्या टोकावर विठ्ठलाचं देऊळ ठेवा. देऊळ जागेवर राहतं, दिंडी त्याच्याभोवती फिरते, आणि देवळातल्या दिव्याची वायर पाइपातून सरळ वर जाते. वायरीला पीळ पडण्याचा प्रश्नच येत नाही. फिरत्या भागावर दिवे हवे असतील तर स्लिप रिंग नावाचा वेगळा भाग लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका, देवळातून बाहेर पडणारा उजेड दिंडीवर छान पडतो.

स्क्रू लावताना लांबी तपासा. जास्त लांब स्क्रू दुसऱ्या कडीला घासतो आणि दर फेऱ्याला एकाच जागी 'खर्र' असा आवाज येतो. बेअरिंग बसवलं की तबकडीला बोटाने हलका धक्का द्या. ती न अडखळता निदान दोन-तीन फेरे गेली पाहिजे. जात नसेल तर मोटर बसवायला घेऊच नका, आधी पाया सपाट आहे का ते बघा.

लेझी सुझन मिळालं नाही तर सायकलच्या पुढच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधला तारा बसतात तो भाग, चालतो. त्याचा आस पायाला पक्का करायचा, तबकडी हबच्या कडेला बसवायची. आस स्थिर असल्याने त्यावर देऊळही बसतं. फक्त मधून वायर नेता येत नाही, देवळावर वरून उजेड सोडावा लागतो.

५. मोटर बसवणं

मोटर एका छोट्या फळीवर पक्की करा आणि फळीची एक कड बिजागरीने पायाला जोडा. आता फळी वर-खाली हलते. स्प्रिंग किंवा सायकलच्या ट्यूबची ताणलेली पट्टी लावून तिला वर ओढलेलं ठेवा, म्हणजे चाक तबकडीच्या पोटाला कायम टेकून राहील. प्लायवूड कुठे एक-दोन मिलिमीटर वाकडा असला तरी चाक त्याच्याबरोबर वर-खाली होतं आणि पकड सुटत नाही.

मोटरीचा दांडा तबकडीच्या केंद्राकडे रोखलेला हवा. तो तिरका असेल तर चाक फिरण्याबरोबर आडवं घासत जातं, रबराचा भुसा पडतो आणि तबकडी झटके देते. मोटरीचं धूड चाकाच्या आतल्या बाजूला येऊ द्या, बाहेरची कड मोकळी ठेवा. ती पुढच्या पायरीत लागणार आहे.

चाक जिथून फिरतं त्या पट्ट्यावर फेव्हिकॉलचा थेंब, रंगाचा ओघळ, बेअरिंगचं ग्रीस काहीही येऊ देऊ नका. मोटर आणि फळी यांच्यामध्ये ट्यूबचा तुकडा घाला. हे न केल्यास प्लायवूडचा पाया मोटरीचा आवाज कितीतरी वाढवतो आणि आरतीच्या आधीची शांतता त्या घरघरीने भरून जाते.

या रचनेचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा गुण म्हणजे एखाद्या लेकराने तबकडी हाताने धरली तरी चाक नुसतं घसरतं. मोटर जळत नाही आणि गिअर तुटत नाहीत.

६. पावली खेळणारे टाळकरी

दिंडी नुसती फिरली तर बाहुल्या ताटात ठेवून सरकवल्यासारख्या दिसतात. टाळकऱ्यांनी पावली खेळली पाहिजे, आणि त्यासाठी वेगळी मोटर लागत नाही.

तबकडीच्या कडेपासून दोन सेंटिमीटर आत, ठरावीक अंतरावर छिद्रं पाडा. प्रत्येक छिद्रात जुन्या बॉलपेनच्या नळीचा तुकडा बसवा. त्या नळीतून सायकलची तार सैल सरकली पाहिजे. तारेच्या वरच्या टोकाला टाळकऱ्याची बाहुली, आणि खालचं टोक वळवून गुळगुळीत केलेलं. आता खाली पायावर, बरोबर त्याच वर्तुळावर, हार्डबोर्डची उभी पट्टी गोल बसवा. पट्टीची वरची कड सरळ न ठेवता लाटांसारखी कापा. तबकडी फिरते, तारा लाटेवरून सरकतात, आणि बाहुल्या एकामागून एक वर उचलल्या जातात, खाली येतात.

लाटेची उंची ८ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि चढ सौम्य हवा. चढ उभा झाला की तार अडकते आणि तबकडी थांबते. पट्टीच्या कडेला मेण घासा. सगळ्या बाहुल्या नाचवू नका. वीणेकरी, तुळस डोक्यावर घेतलेल्या माउल्या, पताकावाले स्थिर राहू द्या आणि टाळकरीच तेवढे नाचवा. बाहुली तारेभोवती गोल फिरू नये म्हणून तिच्या मागे दुसरी आखूड तार द्या, ती शेजारच्या छिद्रातून सरकत राहते.

बाहुल्या कागदाच्या लगद्याच्या केल्या तर हलक्या होतात. शाडूच्या करणार असाल तर आतून पोकळ ठेवा. थर्माकोल वापरू नका. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. वजन चारी बाजूंना सारखं वाटा. सगळे जाड पखवाजवाले एकाच बाजूला उभे केले तर तबकडी तिकडे झुकते.

७. जनाबाईचं जातं, गोरोबांचं चाक

जातं छोटं असतं, त्यामुळे इथे मोटर थेट खालून लावता येते. ३० आरपीएमच्या मोटरीच्या दांड्यावर जात्याची वरची तळी बसवा. दांडा ६ मिलिमीटरचा असतो, त्यावर घट्ट बसणारा धातूचा जोड मिळतो, दुकानात त्यालाही 'हब' म्हणतात. खालची तळी मधून पोकळ आणि पाटाला स्थिर. कंट्रोलरने वेग निम्म्यावर आणा.

खरी गंमत हातांची आहे. जातं फिरतंय आणि जनाबाई हात बांधून बसलीय, असं दिसता कामा नये. तिचा हात खुंट्याबरोबर गेला पाहिजे. त्यासाठी हात दोन तुकड्यांत करा: खांदा ते कोपर आणि कोपर ते मनगट. दोन्ही सांधे दोऱ्याने सैल बांधा. मनगटाला तारेची कडी करून ती खुंट्यात ओवा, कडी खुंट्याभोवती मोकळी फिरली पाहिजे. खुंटा फिरला की हात आपोआप त्याच्यामागे जातो, कोपर वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. वरून पोलक्याची बाही घातली की सांधे दिसत नाहीत.

हाताची लांबी ठरवताना खुंटा बाहुलीपासून सगळ्यात लांब न्या आणि त्या जागी कोपर किंचित वाकलेला राहील एवढा हात ठेवा. हात तोकडा पडला तर दर फेऱ्याला बाहुली पुढे खेचली जाते. समोर बसून दळू लागलेल्या विठ्ठलाचा हातही असाच, त्याच खुंट्यावर, दुसरी कडी घालून. दोघांचे हात आलटून-पालटून पुढे-मागे जाताना पाहणाऱ्या आज्या तिथेच ओवी म्हणायला लागतात.

गोरोबांच्या चाकाला १०० आरपीएमची मोटर घ्या आणि वेग ६० च्या आसपास उतरवा. चाकाचा वेग दिंडीपेक्षा आणि जात्यापेक्षा स्पष्टपणे जास्त वाटला पाहिजे. चाकावरचं मडकं अगदी मध्यभागी बसवा. ते थोडं जरी सरकलं तरी फिरताना लगेच लंगडं दिसतं.

८. वीज

२३० व्होल्ट देखाव्याच्या आत आणायचेच नाहीत. अडॅप्टर भिंतीच्या बोर्डपाशी राहू द्या आणि आराशीत फक्त १२ व्होल्टची वायर येऊ द्या. पावसाचे दिवस, ओल्या हातांनी चाललेली पूजा, जमिनीवर सांडणारं पाणी, आणि भोवती सगळी लेकरं. घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने वायरमनकडून बसवून घ्या.

हिशोब असा करा. अशी गिअर मोटर भार असताना साधारण ०.३ ॲम्पिअर घेते, तीन मोटरींचे झाले ०.९. बारीक एलईडीची ६० दिव्यांची मीटरभर पट्टी साधारण ०.४ ॲम्पिअर घेते. बेरीज १.३, म्हणजे २ ॲम्पिअरचा अडॅप्टर पुरतो. पण एलईडी पट्टी मोठ्या दिव्यांची, '५०५०' लिहिलेली घेतली तर तीच मीटरभर पट्टी १.२ ॲम्पिअर खाते, आणि मग अडॅप्टर ३ ॲम्पिअरचा हवा. अडॅप्टरच्या धन वायरीवर त्याच्याइतक्याच ॲम्पिअरचा फ्यूज टाका. पट्टी कापायची ती कात्रीची खूण असेल तिथेच, १२ व्होल्टच्या पट्टीत ती दर तीन दिव्यांनंतर येते.

आता लाईट जाण्याचा प्रश्न. ऐन हळदी-कुंकवाला वीज गेली तर काय, याचं उत्तर शेतकऱ्याच्या घरात आधीच असतं. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात १२ व्होल्टची, बहुतेकदा ८ ॲम्पिअर-अवरची बॅटरी असते. १.३ ॲम्पिअरच्या भाराला ती चार तास आरामात पुरते. शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी करू नका, दिवे मंद व्हायला लागले की थांबवा. अडॅप्टर आणि बॅटरी एकाच वेळी जोडू नका. दोन बाजूंचा चेंजओव्हर स्विच लावा: एकीकडे अडॅप्टर, दुसरीकडे बॅटरी. बॅटरीच्या वायरीवरही फ्यूज हवा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ.

मंडळासाठी मोठा देखावा करणार असाल तर महावितरणची तात्पुरती वीजजोडणी अधिकृतपणे घ्या, पोलीस आणि नगरपालिकेची परवानगी आधी काढा, आणि अर्जाच्या प्रती मंडपात ठेवा. तारेवर आकडा टाकून फिरणाऱ्या देखाव्यात जीव जाऊ शकतो.

९. आर्डुइनो: हवा असेल तरच

आर्डुइनो म्हणजे संगणकावरून प्रोग्राम भरता येणारी छोटी कंट्रोल पाटी. इथपर्यंतचं सगळं आर्डुइनोशिवाय चालतं, आणि पहिल्या वर्षी ते तसंच चालवा असं मी आग्रहाने सांगेन. दुसऱ्या वर्षी मात्र त्याची मजा घ्या. दिंडीने तीन फेरे घ्यावेत, थांबावं, देवळातला उजेड हळूहळू वाढावा, मग जनाबाईने दळायला सुरुवात करावी, असा क्रम आर्डुइनो लावून देतो.

तीन गोष्टी सांभाळा. पहिली, मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला जोडू नका. एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिॲम्पिअर आहे, २० च्या वर न जाणं बरं, आणि मोटरीला ३०० लागतात. मध्ये मॉस्फेट हवा, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. बाजारात आयआरएफ ५२० ची लाल पाटी सर्रास मिळते, पण तो मॉस्फेट ५ व्होल्टच्या इशाऱ्यावर पूर्ण उघडत नाही आणि तापतो. आयआरएलझेड ४४ एन मागा, तो ५ व्होल्टवर नीट काम करतो. दुसरी, मोटरीच्या दोन टोकांवर डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, लावा; त्यावरच्या रेघेची बाजू धन टोकाकडे. मोटर बंद होताना उलटा झटका देते, तो डायोड पचवतो. तिसरी, अडॅप्टरचं ऋण टोक आणि आर्डुइनोचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवं. जोडणी बरोबर दिसतेय आणि मोटर वेड्यासारखी वागतेय, तेव्हा बहुतेक वेळा ही एक वायर राहिलेली असते.

वेगाचा आकडा ० ते २५५ असतो आणि आर्डुइनो उनोवर तो ३, ५, ६, ९, १०, ११ या पिनांवरच देता येतो. सुरुवात शून्यापासून करून दोन-तीन सेकंदांत हव्या त्या आकड्यापर्यंत चढवा, थांबवतानाही तसंच उतरवा. बाहुल्यांना झटका बसत नाही, आणि दिंडी माणसांसारखी हळूच पाऊल उचलते.

१०. आवाहनाच्या आधी

संपूर्ण आरास एक दिवस सलग चालवून बघा. तासाभराने मोटरीला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर कुठेतरी घासतंय. वायरींचे सगळे स्क्रू पुन्हा आवळा. कंपनाने ते सैल होतातच.

समई आणि निरांजन तबकडीपासून हातभर लांब ठेवा. झालर, पताका, कापूस काहीही फिरताना ज्योतीकडे झुकणार नाही, हे दिवा न लावता आधी तपासा. वाकणाऱ्या बाईचा पदर किंवा मुलीची वेणी चाकात जाणार नाही, अशी पायाच्या चारही बाजूंनी पुठ्ठ्याची भिंत करा. मुख्य स्विच मोठ्या माणसाच्या हाताशी, समोर दिसेल असा ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

तीन दिवस सलग चालवू नका. नैवेद्याच्या वेळी, रात्री झोपताना, घरात कोणी नसताना बंद.

विसर्जन झालं की आरास उचलण्याआधी स्प्रिंग सोडा, म्हणजे चाक तबकडीला वर्षभर दाबून राहणार नाही. नाहीतर रबराला चपटा डाग पडतो आणि पुढच्या वर्षी दर फेऱ्याला ठक-ठक होते. प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा: दिंडी, जातं, चाक, देऊळ. जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा आणि चित्र कागदावर काढून पायाच्या खालच्या बाजूला चिकटवा, मोबाइल बदलतात. बॅटरी फवारणी पंपात परत द्या. वेगळी घेतली असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा.